धूम कुठे गेली? दहा बाय दहाच्या खोलीसाठी मॉनिटर शोधताना

कार्तिकीला, म्हणजे २३ नोव्हेंबर २०२३ ला, घरी रेकॉर्ड केलेला अभंग मी आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात पहिल्यांदा लावला. भजनी मंडळ अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते स्वतः विणेकरी. तीन महिने रोज रात्री हेडफोन लावून मी त्या एका अभंगावर बसले होते. मंदिराच्या स्पीकरवर पखवाजाची धूम अशी आदळली की समईशेजारची ताटली थरथरायला लागली. टाळांनी कान किटले आणि त्या सगळ्याखाली वीणा पार गाडली गेली. अण्णा लोकांसमोर काही बोलले नाहीत. बाहेर चपला घालताना एवढंच म्हणाले, "वीणा कुणी वाजवली मग?"

चूक कळायला दोन दिवस लागले. माझ्या हेडफोनात खालचे स्वर मुळातच कमी ऐकू येत होते, म्हणून मी धूम वाढवत गेले होते. चष्म्याचा नंबर चुकलेला असताना रांगोळी काढावी, तसा प्रकार. घरातला साधा स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो. स्टुडिओत वापरतात तो स्पीकर, म्हणजे मॉनिटर, तसं करत नाही, आहे तसं ऐकवतो, असं सगळीकडे वाचलं आणि ठरवलं की पुढच्या आषाढीच्या आत (१७ जुलै २०२४) मॉनिटर घ्यायचे आणि सहा अभंग नीट करायचे. बजेट तीस हजार. मी पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे बजेट वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. ती रेघ टिकली नाही. हिशेब पुढे देतेच.

आधी माझ्याकडे काय होतं ते सांगते. एक जुना लॅपटॉप, फोकसराइटचा स्कार्लेट सोलो (थर्ड जनरेशन) हा इंटरफेस, म्हणजे माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा, आणि एक कंडेन्सर माइक. एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायचं आणि मग जुळवायचं. खोली मिरजेतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवरची, दहा बाय दहा, खाली शहाबादी फरशी. ही दहा बाय दहा पुढे फार छळणार होती, तेव्हा माहीत नव्हतं.

डिसेंबरात पहिली चूक केली. ऑनलाइन बघून साडेतीन इंची स्पीकरची एक छोटी जोडी मागवली, ९,५०० रुपये. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. दिसायला देखणी, आवाजही गोड. पण पखवाजाची कणीक लावलेली बाजू वाजली की नुसता 'टप' ऐकू यायचा, 'धूम' नाहीच. स्पीकरच्या एवढ्याशा थरथरत्या पडद्याकडून खालचा आवाज मागणंच चूक होतं. परत पाठवायला गेले तर 'फक्त बदलून मिळेल, पैसे परत नाहीत' हे बारीक अक्षरातलं वाक्य तेव्हा वाचलं. शेवटी जानेवारीत पतसंस्थेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाला कॉम्प्युटरसाठी ६,००० ला दिली. साडेतीन हजार गेले.

मग ठरवलं की कानाने ऐकल्याशिवाय घ्यायचं नाही. मिरज-सांगलीत पाच-सहा मॉनिटर शेजारी शेजारी लावून ऐकवणारं दुकान मला सापडलं नाही, म्हणून १३ जानेवारीला, दुसऱ्या शनिवारची सुट्टी धरून, पुण्याला गेले. जाण्याआधी पेन ड्राइव्हवर चार गोष्टी भरल्या: पखवाज, टाळ, अण्णांचा नुसता आवाज आणि तंबोरा. तंबोऱ्याची कल्पना शेजारच्या चाचांची. चाचा सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण चाचांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ते म्हणाले, "बेटी, जवारी ऐक. घोडीवर जवारी लावताना कानशीचा एक हात जास्त फिरला तरी तार मुकी होते. ज्या डब्यात जवारी उघडी ऐकू येईल, तो डबा घे." (घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि जवारी म्हणजे तिच्यामुळे तारेला येणारा झणकार.) स्पीकरला ते शेवटपर्यंत डबाच म्हणत होते. एक मिनिट तंबोरा त्यांनी स्वतः छेडून दिला. तुम्हीही अशा फाइली नेणार असाल तर वेव्हमध्येच न्या, त्यात आवाज दाबलेला नसतो. एमपीथ्री केली की टाळांची धार आधीच बोथट होते, मग स्पीकरला दोष देण्यात अर्थ नाही.

दुकानात सगळे मॉनिटर एका रॅकवर होते आणि प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त ठेवलेला. जो मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, हे मी वाचलेलं होतं, तरी पहिल्या दहा मिनिटांत फसलेच. मग मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने प्रत्येक जोडी ७५ डेसिबलच्या आसपास आणून ऐकायला सुरुवात केली. दुकानातला मुलगा आधी वैतागला, नंतर त्यालाच मजा वाटायला लागली. मी केआरके रॉकिट ५, जेबीएल ३०५पी मार्क टू आणि यामाहा एचएस ५ असे तीन नीट ऐकले. रॉकिटवर अण्णांचा आवाज भरदार वाटला, ऐकत बसावंसं वाटलं. जेबीएलवर खुर्चीत जरा इकडेतिकडे सरकलं तरी आवाज फारसा बदलत नव्हता. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजांचा छोटा स्पीकर, त्याच्याभोवतीच्या त्या खोलगट आकाराचं ते काम. एचएस ५ वर माझे टाळ सरळ कानात घुसले. मंदिरात घुसले होते, तसेच. आणि तंबोऱ्याची जवारी? डोळे मिटले तर चाचांच्या कारखान्यात बसल्यासारखं वाटलं. बाकी दोन्ही वाईट होते असं अजिबात नाही. तुम्ही वेगळं संगीत करत असाल तर तुमची निवड वेगळी होईल. मला माझी मंदिरातली फजिती जशीच्या तशी ऐकवणारा डबा हवा होता, तो तिथे सापडला.

पांढऱ्या पडद्याचे ते स्पीकर बघून दुकानातल्या एका वयस्कर गृहस्थांनी एनएस-१० ची गोष्ट सांगितली. यामाहाने १९७८ मध्ये तो घरात गाणी ऐकायला म्हणून काढला होता. पुढे जगभरच्या स्टुडिओंत मिक्सरच्या डोक्यावर तोच पांढरा पडदा जाऊन बसला. आवाज इतका टोचायचा की लोक ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. २००१ मध्ये तो बंद झाला. एचएस मालिकेला पांढरा पडदा त्याच घराण्यातून आला आहे. हे ऐकून बरं वाटलं. माझेच कान नाजूक नाहीत तर.

आता भाव. दुकानाच्या कोटेशनवर एचएस ५ ची किंमत बघून मी खूश झाले, मग शेजारी 'नग' लिहिलेलं दिसलं. हे मॉनिटर एकेकटेही विकतात. ऑनलाइनही तसंच, फोटो जोडीचा आणि किंमत एकाची. जोडीला चाळीस हजारांच्या जवळ जात होतं. कोटेशन घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि रात्रीच्या गाडीने परत.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी शिकले. माहितीपत्रकात एचएस ५ '५४ हर्ट्झपासून' (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा लहान तेवढा सूर खालचा) असं लिहिलेलं असतं, पण ते आवाज १० डेसिबल पडलेला धरून. ३ डेसिबलच्या मापाने तोच आकडा ७४ होतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना माप एकच आहे का ते आधी बघा. आमच्याकडे व्याजाचे दर सांगताना सरळव्याज की चक्रवाढ हे बघतात, तसंच.

महिनाभर सेकंडहँड शोधत होते. पुण्यातल्या माझ्या मामेभावाने एक मुलगा शोधून काढला. तो नोकरीसाठी परदेशात चालला होता आणि त्याला २०२२ मध्ये घेतलेली एचएस ५ ची जोडी विकायची होती. सांगितले २७,०००, ठरले २४,०००. २४ फेब्रुवारीला, चौथ्या शनिवारी, पुन्हा पुणे. या वेळी मी यादी करून नेली होती. बिलावरचे आणि पाठीवरचे सिरियल नंबर जुळतात का. ट्वीटरच्या घुमटाला बोटाचा खळगा पडलाय का. दोन्हीकडे एकच मोनो आवाज सोडला की तो बरोबर मधोमध उभा राहतो का. डावा-उजवा अदलाबदल केल्यावरही तिथेच राहतो का. मग ३० हर्ट्झपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर हळू आवाजात सोडायचा आणि कुठे खरखर किंवा किरकिर येते का ऐकायचं. एका जागी किरकिर आली आणि माझ्या काळजात धस्स झालं, पण ती त्याच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्याची निघाली. अर्धा तास चालू ठेवून पुन्हा ऐकलं. वॉरंटी नाहीच असं धरून भाव केला होता. बिल मूळ मालकाच्या नावावर. त्यावर त्याच्याकडून 'विकले' असं लिहून तारीख-सही घेतली. माणसं हसतात, पण उद्या आपल्याला विकायची वेळ आली तर कागद लागतो. त्याने मूळ खोके जपून ठेवले होते हे माझं नशीब. एक स्पीकर पाच किलोच्या वर भरतो. दोन खोके घेऊन रेल्वेत बसले आणि मिरज येईपर्यंत पाय खोक्यावर ठेवून जागी राहिले.

घरी आणून जोडले आणि गूंऽऽ.

गावातल्या साउंडवाल्याकडून दीडशेला एक अशा दोन तारा आणल्या होत्या. त्या निघाल्या मोनो जॅकच्या. जॅकवर एकच काळी रेघ असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ, म्हणजे टीआरएस. इंटरफेस आणि मॉनिटर दोन्हीकडे बॅलन्स्ड सोय, म्हणजे तारेत शिरलेली गूं खोडून काढायची सोय, असताना मोनो तार लावली की ती सोय वाया जाते. टीआरएसच्या दोन तारा ४५० प्रमाणे मागवल्या, सहा दिवस लागले. गूं कमी झाली, गेली नाही. मग लक्षात आलं की लॅपटॉपचा चार्जर काढला की गूं पूर्ण बंद. आणि चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या कडेला हात लागला की बारीक मुंग्या येतात, त्या तर वर्षभर येत होत्या! मी त्याला 'थंडीचा करंट' समजत होते.

साउंडवाला म्हणाला, "ताई, प्लगची तिसरी पिन मोडून टाका, आम्ही तसंच करतो." कृपा करून तसं करू नका. ती पिन जीव वाचवायला असते. वायरमनला बोलावलं. लग्नसराई, त्यामुळे तो नऊ दिवसांनी आला. बोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनेला तारच नाही, नुसतं भोक. खालच्या मीटरपासून माडीपर्यंत अर्थिंगची तार ओढली, अर्धा दिवस गेला, साहित्यासह १,३५० रुपये. गूं गेली आणि मुंग्याही गेल्या. आई म्हणाली, "एवढं करायला स्पीकर आणावे लागले का?"

इथपर्यंत मार्च संपत आला. आता खरी परीक्षा सुरू झाली. सगळीकडे वाचलेलं होतं की मॉनिटर भिंतीला चिकटवू नका. मी टेबल ओढून आणलं, मॉनिटरची तोंडं त्यांच्या मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर, खुर्ची साधारण खोलीच्या मध्यावर. ट्वीटर कानाच्या उंचीला यावेत म्हणून खाली पतसंस्थेतली बाद झालेली जाड रजिस्टरं (परवानगीने आणलेली) रचली. पखवाज लावला. 'टप'. पुन्हा तोच टप! चोवीस हजार घालून तोच टप. त्या रात्री मी जेवले नाही, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी चाचांना बोलावलं. ते जिना चढून दारातच थांबले. "धूम आहे की," म्हणाले. मी खुर्चीत बसलेली, मला ऐकू येत नव्हती. त्यांनी मला उठवून दारात उभं केलं आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसले. दोन मिनिटांनी म्हणाले, "धूम दारात उभी आहे. तुझ्या खुर्चीपर्यंत येतच नाही."

मग मी वही काढली. ४० हर्ट्झपासून २०० पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने एकेक सूर सोडला आणि खुर्चीत कानाजवळ मोबाईल धरून आकडे लिहिले. मोबाईलचा माइक खालच्या स्वरांना भरवशाचा नाही, पण शेजारच्या दोन सुरांत केवढा फरक पडतो हे त्यावर कळतं. ९० ते १०० च्या दरम्यान खड्डा पडला होता, आणि ५५ च्या आसपास दुसरा. (नंतर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं, त्यात हाच आलेख सुंदर दिसतो. पण वहीनेही काम झालं असतं.)

कारण समजून घ्यायला चार संध्याकाळी गेल्या. खालचा आवाज स्पीकरच्या पुढेच नाही, मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो. परत येताना तो अर्धी लाट मागे पडला असेल तर पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. कुठल्या सुराला हे होणार, ते आवाजाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटरला, भिंतीपासूनच्या अंतराच्या चौपटीने भागून निघतं. तीन फूट म्हणजे ०.९ मीटर, उत्तर ९५ हर्ट्झ. माझ्या वहीतला खड्डा! आणि दुसरा खड्डा खोलीचा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लाट उभी राहते, ती भिंतीपाशी फुगते आणि बरोबर मध्यावर मरते. मी मध्यावर बसले होते. शिवाय खोली चौरस, म्हणजे लांबीलाही ५६ आणि रुंदीलाही ५६, दुहेरी मार.

'भिंतीला चिकटवू नका' हा सल्ला मोठ्या खोलीतल्यांसाठी ठीक आहे. दहा फुटी खोलीत अर्धवट लांब ठेवण्यापेक्षा जवळ ठेवणं बरं. ९ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, गुढी उभारून झाल्यावर मी आणि भावाने टेबल मागे ढकललं. एचएस ५ ची हवेची नळी पाठीमागे असते, म्हणून मागे चार बोटं जागा सोडली. तोंड भिंतीपासून साधारण एक फुटावर आलं. त्याने खड्डा नाहीसा होत नाही, वर सरकतो, अडीचशे हर्ट्झच्या पलीकडे, आणि तिथे तो जाड थरांनी आवरता येतो. भिंतीजवळ आल्याने खालचा आवाज फुगतो. त्यासाठी पाठीवर 'रूम कंट्रोल' नावाचं बटण आहे, ० वरून उणे २ वर आणलं. खुर्ची त्याच भिंतीपासून पावणेचार फुटांवर, दोन मॉनिटरमध्ये सव्वातीन फूट. खुर्चीचं हे गणित लांबीच्या अडतीस टक्क्यांचं, सुरुवातीपुरतं. पुढे कानाने दोन-चार बोटं इकडेतिकडे केलं.

पखवाज लावला. धूम खुर्चीत येऊन बसली. भाऊ म्हणाला, "गुढीपेक्षा हेच जास्त वेळ चाललंय."

पुढचं थोडक्यात. टाळ अजूनही भिंतींवरून उसळत होते. अंड्याचे ट्रे लावायला लोक सांगतात. त्यांचा उपयोग नाही, धूळ तेवढी साठते. आईच्या गोधड्या दोरीवर टांगून बघितल्या, वरचे आवाज शमले, खालच्यांना काही फरक नाही. शेवटी ४८ घनतेचे (घनमीटरला ४८ किलो) ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे, म्हणजे दगडी तंतूंच्या लोकरीचे, तुकडे आणले, सुताराकडून चार चौकटी करून घेतल्या, वर मांजरपाट शिवला. रॉकवूल हाताळताना तोंडाला मास्क, हातात मोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी अर्ध्या बाह्यांवर बसले आणि दोन दिवस हात खाजवत होते. चौकटी कुठे लावायच्या हे आरशाने ठरतं: आपण खुर्चीत बसायचं, कुणीतरी भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, जिथे त्यात स्पीकर दिसतो तिथे चौकट. डाव्या-उजव्या भिंतीवर एकेक, दोन मागच्या कोपऱ्यांत आडव्या. कोपऱ्यांत शिवाय जुन्या कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. दिसायला खोली माळ्यासारखी झाली.

खर्च: पहिल्या जोडीत बुडाले ३,५००. एचएस ५ चे २४,०००. पुण्याच्या दोन फेऱ्या १,८००. तारा, वाया गेलेल्या धरून, १,२००. वायरमन १,३५०. रॉकवूल, सुतार, कापड ५,२००. एकूण ३७,०५०. वहीतली रेघ ७,०५० ने ओलांडली. पहिली जोडी घेतली नसती तर निम्मी ओलांडली असती.

मे महिन्यात पंधरा दिवस मी काहीच मिक्स केलं नाही. लहानपणापासून पाठ असलेल्या रेकॉर्डिंग फक्त ऐकत राहिले, या खोलीत त्या कशा वाजतात ते कानात बसावं म्हणून. मग अभंग घेतले. जूनच्या शेवटी पहिले तीन तयार झाले. मंदिरात लावण्याआधी अण्णांना माडीवर बोलावलं, खुर्चीत बसवलं. चाचाही आले, ते सवयीने दारात.

पहिला झाला, अण्णांनी मान हलवली. दुसरा झाला. तिसऱ्यात मध्येच त्यांनी हात वर केला. "थांब. मागे घे." घेतलं. "अजून मागे." पुन्हा ऐकलं. "वीणा उतरलीय," ते म्हणाले. मी म्हटलं, एवढं कुणाला कळणार आहे? दारातून चाचा म्हणाले, "मला पहिल्या कडव्यालाच कळलं होतं. विणेकऱ्याला सांगणार कोण?"

अण्णा बराच वेळ त्या पांढऱ्या पडद्यांकडे बघत बसले. मग खाली गेले आणि वीणा घेऊन वर आले. तारा बदलायला ती चाचांकडे गेली आहे, गुरुवारी मिळेल. रविवारी तिसरा अभंग पहिल्यापासून.